मुलामुलींचा एकत्र तास

रावेरच्या एसटी स्टँडवर भरदुपारी एका माणसाच्या हातातला गुंडाळलेला तक्ता वाऱ्याने सुटला आणि सर्रकन उलगडला. तक्त्यावर काय असावं? गर्भाशय. चांगलं हातभर, लाल-गुलाबी रंगात. केळीने भरलेल्या ट्रॅक्टरवरची माणसं वाकून बघायला लागली, एक आजी तोंडाला पदर लावून पलीकडे वळली. मला वाटलं, आता हा लाजून पळणार. तो मात्र माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाला, "मॅडम, तेवढं खालचं टोक धरता का? एकट्याने गुंडाळलं की वाकडं होतं."

मी धरलं. का धरलं ते विचारू नका. त्याच्या डोळ्यांत हसू होतं आणि माझी एसटी चुकली, एवढंच आठवतं.

दुसऱ्या दिवशी तेच डोळे आमच्या स्टाफरूममध्ये हजर. नवल पाटील, शिंदखेड्याचा, विज्ञान शिकवायला तासिकेवर घेतलेला. म्हणजे जेवढे तास तेवढाच पगार, आणि परीक्षा संपली की रामराम. मी दिपमाला. माहेर बोदवडचं म्हणायला अजून सासर नाही, पण शाळेत नोकरी मात्र कायम. तोंडाने फटकळ आहे असं सगळे म्हणतात आणि बरोबरच म्हणतात.

वयात येण्याचा धडा शिकवायची आमच्या शाळेत एक ठरलेली रीत होती. मुलांना कबड्डीला मैदानावर पिटाळायचं आणि खिडक्या लावून मुलींना मी कुजबुजत सांगायचं. मुलांना कोणीच काही सांगत नसे. नवल सर म्हणाले, मुलांनाही सांगू, आणि एकत्र बसवून सांगू. आमचे मुख्याध्यापक तोताराम नाना घाबरले, पण त्यांनी पालकांना बोलावून विचारलं. सगळे खाली बघत बसले. शेवटी धुरपदाबाई उठल्या आणि म्हणाल्या, माझा पोरगा सकाळपासून आरशापुढून हलत नाही, काही विचारलं की खेकसतो, कोणीतरी त्याला समजवा बापा. परवानगी मिळाली.

मग शाळा सुटल्यावर आमची तयारी चालायची. तो विद्यार्थी व्हायचा, मी उत्तरं द्यायची.

"मॅडम, माझा आवाज फाटतो... लाज वाटते," तो मान खाली घालून म्हणायचा.

"सगळ्यांचाच फाटतो. त्यात काय?"

"तुमचा नाही फाटत. मी रोज लक्ष देऊन ऐकतो ना —" आणि लगेच खाली पडलेला, खरंतर न पडलेला, खडू शोधायला वाकायचा.

मी खोलीवर जाऊन भिंतीशी हसत बसायची. एवढं छान चाललं होतं... आणि मिसबाह आली.

मिसबाह जळगावची समुपदेशक. तिने आणि नवलने धुळ्याला एकत्र प्रशिक्षण घेतलं होतं. नानांनी तिला खास बोलावून घेतलं आणि जाहीर केलं, तास नवल सर आणि ही घेतील. दिपमाला मॅडम शिस्त बघतील. म्हणजे मी काठी घेऊन दारात उभं राहायचं!

आणि ती त्याला नुसतं 'नवल' म्हणायची. मी इतके दिवस 'सर, सर' करत घसा कोरडा केला, आणि ही आल्या आल्या 'अरे नवल'. दोघं धुळ्याच्या कुठल्याशा मेसच्या आठवणी काढून खिदळत होते. तिच्यासाठी त्याने न विचारता बिनसाखरेचा चहा सांगितला. हसली की तिच्या गालाला खळी पडायची, तीही एकाच गालाला, मेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी जळत होते. सरळ शब्दांत सांगते, जळत होते.

मी तडक नानांकडे गेले. म्हटलं, पाहुण्या उद्या जळगावला जातील, पोरं नंतर प्रश्न मलाच विचारणार, तेव्हा तास मीच घेणार. बोलणं खोटं नव्हतं, फक्त कारण दुसरं होतं. नाना तयार झाले. मिसबाहला रागही आला नाही. ती हसत शेवटच्या बाकावर जाऊन बसली, याचाही मला राग आला.

दहावीचा वर्ग. इकडे मुली, तिकडे मुलं, मध्ये आम्ही दोघं. मुरुमं, मिसरूड, आवाज हे सगळं नवल सर बोलले. पाळीबद्दल मी बोलले, खिडक्या उघड्या ठेवून. कौतिक नावाच्या आडदांड पोराने विचारलं, दुखतं का. मी हो म्हटलं. कोणी हसलं नाही. मला एकदम भरून आलं.

मग मंतशा उठली. "मॅडम, माझी मैत्रीण दुसरीशी जास्त बोलली की मला खूप राग येतो. रडू येतं. हे मोठं झालं की जातं ना?"

पुस्तकातलं उत्तर ओठांवर होतं. पण ती पोर इतक्या आशेने बघत होती की खोटं बोलवेना.

"नाही जात," मी म्हणाले. "मला पण येतो असा राग. आत्तासुद्धा आलाय."

नवल माझ्याकडे बघतोय हे मला न बघता कळलं.

"मग तुम्ही काय करता, मॅडम?"

"अजून काहीच केलं नाही, बाळा."

तास संपल्यावर व्हरांड्यात मिसबाहने मला गाठलं. म्हणाली, "मॅडम, तो राग माझ्यावर ना? मला नवल आवडायचा. धुळ्याला मी त्याला विचारलं होतं. नाही म्हणाला. दोन दिवस रडले, मग पुन्हा आमची मैत्री झाली." आणि पर्स खांद्याला लावून निघाली.

मला हायसं वाटायला हवं होतं. उलट जास्तच जळफळाट झाला. तिची खळी एक वेळ सोसली असती, पण तिने विचारलं होतं! आणि मी, पोरांना मोकळं बोला म्हणून शिकवणारी, नानांकडे जाऊन तास मागत बसले.

तशीच वर्गात परत गेले. नवल फळा पुसत होता.

"मला मिसबाहचा मत्सर वाटतो," मी म्हणाले. "कारण मला तू आवडतोस." पहिल्यांदाच 'तू' म्हणाले.

डस्टर त्याच्या हातातच राहिलं. "बठ्ठं माले माहीत शे," शाळेत कधी न काढलेली घरची बोली त्याच्या तोंडून निसटली. म्हणजे सगळं माहीत होतं त्याला! "पण मी तासिकेवरचा मास्तर... परीक्षा झाली की घरी. तुमच्याकडे बघायला कुठल्या तोंडाने येऊ? पहिलाच प्रश्न नोकरीचा असणार. म्हणून तर गप्प होतो."

"मग तू येऊच नकोस. रविवारी मी येते, आईबाबांना घेऊन, तुला बघायला. पोहे तू करायचे, ट्रे तू आणायचा, प्रश्न मी विचारणार."

"मला पोहे येत नाहीत..."

"शीक."

रविवारी शिंदखेड्याला त्यांच्या ओसरीत आम्ही सतरंजीवर बसलो. त्याची आई भागाबाई दारामागून पुन्हा पुन्हा डोकावत होती. नवल खरोखरच ट्रे घेऊन आला, पोह्यांचा गोळा झाला होता. बाबांनी घसा खाकरला आणि ते नोकरीचं विचारणार, तेवढ्यात मी बोलले.

"नोकरी मला आहे. तुझी कायम होईपर्यंत बायकोच्या पगारावर घर चालवायची लाज वाटेल का?"

नवलचे कान लाल झाले होते. त्याने ट्रे खाली ठेवला, आधी बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"थोडी वाटेल," तो म्हणाला, "पण तू नसलीस तर जास्त वाईट वाटेल."