केस नोंदणी, दुसरा मजला

सौंदर्य मोजता येत नाही, असं आजवरच्या तमाम थोर माणसांनी सांगून ठेवलं आहे. या थोर माणसांपैकी एकही त्या संशोधन केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर गेलेला नसावा. तिथे ते रोज मोजलं जात होतं – साडेदहा ते साडेपाच, मध्ये अर्धा तास जेवणाची सुट्टी.

मोजणाऱ्याला सगळे मोजणीदार म्हणत. केंद्रात एका नव्या औषधाची परीक्षा चालली होती. डोक्याला चाई पडलेल्या, म्हणजे अचानक गोल गोल टक्कल पडलेल्या साठ जणांच्या डोक्यावर एकेक बारीक ठिपका गोंदलेला होता. निम्म्यांना खऱ्या औषधाची बाटली, निम्म्यांना नुसत्या रंगीत पाण्याची. कुणाकडे कुठली, ते एका बंद लिफाफ्यालाच ठाऊक. दर महिन्याला त्या ठिपक्याचा फोटो निघे आणि मोजणीदार तो पडद्यावर मोठा करून नाण्याएवढ्या गोलात किती केस उगवले ते मोजी. फोटोवर नाव नसे, फक्त क्रमांक. मोजणीदाराच्या स्वतःच्या डोक्यावर मोजण्यासारखं काहीच उरलेलं नव्हतं, त्यामुळे त्याच्या निःपक्षपातीपणाबद्दल कुणाला शंका नव्हती.

त्याच्या दारावर पाटी होती – ‘केस नोंदणी’. सगळं त्या पाटीनं केलं.

एका मंगळवारी सकाळी दार उघडलं आणि निळा रुमाल डोक्याला गच्च बांधलेली एक मुलगी आत आली. हातात ओली छत्री, नजर घाईत.

“केस-पेपर इथेच काढायचा ना?”

“पेपर नाही. इथे नुसते केस.”

“म्हणजे केस घेता, पण पेपर देत नाही?”

“घेत नाही हो… मोजतो.”

“बरं. आज किती झाल्या?”

“झाल्या नाही, झाले. तीनशे बारा.”

“सकाळपासून तीनशे बारा केसेस! आणि दारात एक माणूस नाही?”

मोजणीदारानं पडदा तिच्याकडे वळवला. तिनं पाहिलं, पाटी आठवली, आणि हसू लागली… इतकी, की छत्रीचं पाणी त्याच्या वहीवर सांडलं. मग तिची नजर त्याच्या डोक्याकडे गेली.

“तुम्ही इथे कामाला आहात, की औषध लागू न पडलेले?”

“मला तुलनेसाठी ठेवलंय.”

त्या औषधाच्या परीक्षेत साठांतली एक जागा रिकामी झाली होती, तिथे ती नाव घालायला आली होती. त्यासाठी केस-पेपर लागतच नाही, असं सांगून मोजणीदारानं तिला खाली, ही परीक्षा चालवणाऱ्या डॉक्टरबाईंकडे पाठवलं आणि दुपारी स्वतःही प्रामाणिकपणे त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. साठातल्या एकीशी आपली तोंडओळख झाली आहे, हे सांगून टाकलं. डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

“बोलायला बंदी नाही. ओळखायला आहे. फोटोतलं डोकं कुणाचं ते तुला कळलं, तर ती मोजणी गेली… आणि कदाचित तिची बाटलीही.”

त्यानंतरचे मंगळवार मोठे चमत्कारिक गेले. फोटो काढून झाला की ती वरच्या मजल्यावर, पाण्याच्या यंत्राशेजारच्या बाकावर येऊन बसे. दोघं केस सोडून जगातल्या सगळ्या विषयांवर बोलत. ती गाडी चालवायला शिकवायची. घाबरट माणसांच्या शेजारी बसून दिवसभर “क्लच… क्लच… अहो, तो ब्रेक!” म्हणायची.

“भीती नाही वाटत?”

“गाडीत नाही वाटत. घरी वाटते. मावशी रोज आरशासारखी समोर उभी राहते. म्हणते, आता तुला कोण विचारणार?”

“काय विचारणार?”

“लग्नाचं हो… आणखी काय विचारणार!”

मोजणीदाराचे कान लाल झाले. ही एक अडचण होती. वर केस नसले की माणसाला काही लपवता येत नाही.

चौथ्या महिन्यात मात्र ती बोलण्याच्या ओघात घसरली. गाडी शिकवणारी आपण, पण लहानपणी उभ्या सायकलवरून पडलो, असं सांगताना म्हणाली, “तीन टाके पडले, डाव्या कानामागे. खूण अजून आहे, अगदी स्वल्पविराम! मावशी म्हणते, म्हणूनच तुझं बोलणं संप—”

ती थांबली. दोघांनीही एकाच वेळी पाण्याच्या यंत्राकडे पाहिलं.

“मी ऐकलं नाही,” मोजणीदार म्हणाला.

“मी बोललेच नाही,” ती म्हणाली.

गुरुवारी पडद्यावर एकेचाळीस क्रमांकाचा फोटो आला. ठिपका. ठिपक्याभोवती बारीक, पांढरी, नुकती उगवलेली लव. आणि गोलाच्या कडेला… स्वल्पविराम.

त्यानं मागचा फोटो काढला. स्वल्पविराम तेव्हाही तिथेच होता, त्यालाच त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. तेव्हा नऊ केस भरले होते. आता त्यानं मोजले – सत्तावीस. चष्मा पुसून मोजले – सत्तावीस. उलट्या दिशेनं मोजले – सत्तावीस. आणि त्याला धडकी भरली. नऊ वर्षांत त्याच्या मोजणीत एका केसाचाही फरक पडला नव्हता. पण नऊ वर्षांत त्यानं कुठल्याही डोक्यावर केस उगवावेत म्हणून मनातल्या मनात हातही जोडले नव्हते. हे सत्तावीस तिच्या डोक्यावरचे, की आपल्या डोक्यातले?

गप्प बसलं असतं तर कुणाला कळणार होतं? बोललं, तर उगवतं रोप आपल्याच हातानं उपटल्यासारखं. तो जिन्यात पाच मिनिटं उभा राहिला. मग खाली गेला.

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“स्वल्पविरामावरून?”

“हो.”

“माझ्या साऱ्या नोकरीत असा व्याकरणाचा घोळ पहिलाच.” त्यांनी त्वचा विभागातल्या काकूंना बोलावलं. काकू कोडाचे डाग मोजत. नजर घारीची आणि माया फक्त निवृत्तीच्या तारखेवर. फोटो त्यांच्यापुढे ठेवला, बाकी अवाक्षर सांगितलं नाही. मोजणीदार खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर पाऊस होता. थेंब मोजायची सवय त्यानं मोठ्या कष्टानं आवरली.

“सत्तावीस,” काकू म्हणाल्या. “एवढ्यासाठी जिने उतरवलेत मला?”

निकाल लागला. तिची बाटली चालू राहिली, यापुढची केसांची सगळी मोजणी काकू करणार, आणि काकूंच्या डागांवर मोजणीदाराची बदली झाली. दाराबाहेर त्यानं काकूंना वाकून नमस्कार केला. काकू दचकल्या.

“अरे, मी फक्त मोजलं!”

“म्हणूनच,” तो म्हणाला.

आणखी सहा महिन्यांनी लिफाफा उघडला. तिच्या बाटलीत खरं औषध होतं. चमत्कार वगैरे झाला नव्हता. दोन गोल भरले, कपाळाजवळचा तिसरा हट्टाला पेटून तसाच राहिला. त्या मंगळवारी ती नेहमीच्या बाकावर येऊन बसली. डॉक्टरबाईंनी तिला सगळं सांगितलं होतं.

“माझ्यासाठी खुर्ची सोडलीत म्हणे.”

“खुर्चीचं काय… डागही छान असतात. एका जागी बसतात.”

ती हसली नाही. तिनं रुमालाची गाठ सोडली. बोटभर लांबीचे केस, मऊ, थोडे बावरलेले, आणि तो एक हट्टी गोल.

“लोक माझ्याकडे बघायचे आणि पटकन दुसरीकडे बघायचे,” ती म्हणाली. “मावशीसुद्धा. तुम्ही एकटेच… नाव माहीत नसताना एकेक करून बघितलंत. त्याबद्दल आभार मानायचे होते. पण कसे मानतात ते मला येत नाही. मोजा… आता बंदी नाही.”

मोजणीदार बराच वेळ बघत राहिला.

“किती झाले?”

“मोजले नाहीत. नुसतं बघितलं.” त्याचे कान लाल झाले. “आणि मावशींना सांगा… विचारणारा मिळाला. काय विचारायचं, तेही ठरलंय. घरी कधी येऊ?”

तिनं मान खाली घातली. दोघांच्या मध्ये बाकावर ठेवलेल्या त्याच्या हातावर तिचा हात आला. पाण्याचं यंत्र उगाचच गुरगुरलं.

“रविवारी या,” ती म्हणाली. मग रुमालाची घडी घालता घालता आणखी हळू आवाजात, “एक मागू? नाही म्हणायचं नाही हं.”

“माग ना,” तो म्हणाला.

“उद्यापासून मला इथल्या नेहमीच्या दवाखान्यात यायचंय. तो केस-पेपर नक्की कुठे काढतात, तेवढं दाखवता?”