एका लेकराला एकच चिठ्ठी

राग, पहिला

बॅग चिखलात पडली तेव्हा पल्लवी अजून जीपमध्येच बसलेली होती.

हिंगोलीहून निघालेली जीप गोरेगावच्या अलीकडे एका फाट्यावर थांबली. बाहेर भुरभुर. मागून एक उंच माणूस उतरला, टपावर चढला, आपलं पोतं खाली टाकलं आणि पाठोपाठ तिची निळी बॅगही.

"ओ, ती माझी हाय."

"माहीतंय. उतरा ना. शिबिराला चालल्या ना तुमी? मी बी तिकडंच."

"तुमाला कुणी सांगितलं?"

"गळ्यात शिट्टी हाय तुमच्या."

होती. घरून निघतानाच घातली होती. तिने ती ओढणीखाली सरकवली, पण आता काय उपयोग... ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. बॅग वाचवायची तर उतरणं भाग होतं. ती उतरली, जीप गेली, आणि मग त्या माणसाने फाट्यावरची पाटी नीट वाचली.

"हा तो फाटा न्हाई वाटतं."

पल्लवीने त्याच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं.

"अडीच-तीन किलोमीटर असंल," तो म्हणाला. "जास्त न्हाई."

"कुठले तुमी?"

"गोरेगाव."

"गोरेगावचे, आणि फाटा माहीत न्हाई?"

"मी रोज तिकडून येतो ना. इकडून कधी आलोच न्हाई." आणि वर हसला.

त्याचं नाव धम्मानंद. गोरेगावात पाण्याच्या मोटारींचं वायंडिंग करून देतो. पिवळ्या पडत चाललेल्या सोयाबीनमधून दोघं चालले. पहिला किलोमीटर ती एक अक्षर बोलली नाही. दुसऱ्यात सगळंच बोलली. रागात माणूस नको तितकं बोलून जातं. कळमनुरीजवळच्या तिच्या गावात ती विहारात मुलींची अभ्यासिका चालवते. दिवाळीच्या सुटीत नऊ मुलींना रानशिबिराला न्यायचंय – तीन दिवस डोंगर, तंबू, तलाव. आयाबाया म्हणाल्या, तू स्वतः म्होरकी असशील तरच पोरी पाठवू. म्होरकी व्हायचं तर हे चार दिवसांचं प्रशिक्षण आणि ते घेणाऱ्या निर्मलाबाईंची सही.

"आणि सही न्हाई भेटली तर?"

"पुढची बॅच एप्रिलात. तवर त्या नवांतल्या सृष्टीची दहावी होते. दहावी झालेल्या पोरीला तिचा बाप रानात पाठवंल व्हय? घरात सोयरीक बघून राहिलेत." ती थांबली. "तुमाला काहून सांगून राहिले मी हे?"

"मी विचारलं म्हणून."

पावसाचा एक थेंब त्याच्या नाकाच्या शेंड्यावर लटकत होता. पुसत पण नव्हता मेला.

राग, दुसरा – हा तिने कुणालाच सांगितला नाही

निर्मलाबाई खेळाच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. माळावरच्या रिकाम्या वसतिगृहात अठरा मोठी माणसं समोर बसवून त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "लेकरं सांभाळायची हायेत ना? मग आधी लेकरं व्हा."

रीत अशी होती. सही हवी असणारे चौघंच, बाकीचे नुसते शिकायला आलेले; रोज सकाळी त्या चौघांतला एकजण म्होरक्या, तीच त्याची परीक्षा. बाकीच्यांनी डब्यातून चिठ्ठी उचलायची आणि चिठ्ठीत निघेल ते लेकरू व्हायचं, शिट्टी होईपर्यंत. 'उपाशी आलेलं.' 'पाण्याला भिणारं.' 'दुसऱ्याच्या खोड्या काढणारं.' म्होरक्याने ओळखायचं आणि निभवायचं. एका लेकराला एकच चिठ्ठी. आणि कुणाला खरोखर काही झालं, तर त्याने हात वर करायचा. हात वर झाला की नाटक बंद, त्या दिवसाची परीक्षाही बंद; ती परत पुढच्याच बॅचला.

पहिल्या दिवशी धम्मानंदला 'पोटात दुखण्याचं ढोंग करणारं' निघालं. एकोणतीस वर्षांचा बाप्या बाभळीखाली गडाबडा लोळला. आईला हाका मारल्या. मग एक डोळा उघडून म्हणाला, "गूळ-शेंगदाणे खाल्ले तर थांबंल वाटतं."

सगळे हसले. पल्लवीही हसली – खळखळून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हसता हसता तिने मान वर केली, तर तो बाकी कुणाकडे नाही, तिच्याकडेच बघत होता.

झालं. त्याचाच राग. चिखलाची बॅग अजून दोरीवर वाळत होती आणि ही हसत होती.

दुसऱ्या दिवशी पाऊस आडवा आला. पत्र्याच्या पडवीत जेमतेम एक कोरडी भिंत. तो बाजूला सरकला, कोरडी बाजू तिला देऊन. त्याचा डावा खांदा निथळत राहिला.

"भिजून राहिलात तुमी."

"मला चालतं."

"मला न्हाई चालत. सरका इकडं."

तो सरकला. दोघांच्या मध्ये एका तांब्याएवढी जागा... ती तेवढीच राहिली. पाऊस थांबला तरी दोघं तिथेच. दोघांनाही पाऊस थांबल्याचं कळलं नाही असं दोघांनीही दाखवलं.

तिसरा दिवस. म्होरकी : पल्लवी

सकाळी सात. सतरा जण. मोजले. निघालो.

साडेसात. धम्मानंद – "ताई, अजून किती लांब?"

सात पस्तीस. धम्मानंद – "ताई, अजून किती लांब?" ओळखली चिठ्ठी. 'दर पाच मिनिटांनी तेच विचारणारं.' त्याला पळसाची झाडं मोजायचं काम दिलं. निर्मलाबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. चांगलंच असावं.

नऊ. ओढा. दोर बांधला. एकेक करून पलीकडे. सतरा.

सव्वानऊ. धम्मानंद लंगडायला लागला. "ताई, अजून किती..." आणि तो खालीच बसला.

पल्लवी मागे गेली. "काय झालं?"

"काही न्हाई ताई."

चेहरा घामेजलेला. काय नट आहे, तिच्या मनात आलं. परवा पोट, आज पाय. सगळ्यांसमोर परत हसवणार आणि माझा दिवस वाया घालवणार.

"नाटक पुरे. ऊठ. ही काठी घे आणि माझ्या मागं चाल."

तो उठला. काठी घेतली. तिच्या मागे चालला.

साडेदहा. तो काही विचारत नाहीये. बरं झालं.

बारा. टेकडी. सतरा.

तीन. परत. सतराच्या सतरा. कुणी मागे राहिलं नाही, वेळेत, ना रडारड ना भांडण.

सही झाली. निर्मलाबाई म्हणाल्या, "पोरी, तुला लेकरं द्यायला हरकत न्हाई." पल्लवीला वाटलं आत्ताच्या आत्ता सृष्टीला फोन लावावा. रेंज शोधत ती हापशापर्यंत आली.

हापशावर धम्मानंद बूट काढत होता. दोन्ही हातांनी, दात आवळून, जसा काही बूट पायालाच शिवलेला.

घोटा वांग्यासारखा झालेला. तसाच जांभळा, तसाच तुकतुकीत.

राग, तिसरा. बाकीचे ह्यापुढे काहीच नव्हते

"हे कधी झालं?"

त्याने पाय झाकायचा प्रयत्न केला. "आत्ताच. हापशाच्या..."

"खोटं बोलू नका."

"ओढ्यात. दगड हालला."

"ओढ्यात." तिने मनात हिशेब लावला. सव्वानऊ ते तीन. "पावणेसहा तास. टेकडी चढली ह्या पायानं. हात काहून वर केला न्हाई?"

"तुमची परीक्षा बंद पडली असती."

"मग?"

"एप्रिलपर्यंत गेली असती. ती तुमची सृष्टी..."

"दया केली माझ्यावर?"

"दया न्हाई."

"मग काय?"

"दया न्हाई ओ... ते..." त्याने हापशाचा दांडा धरला, सोडला. "तुमी त्या दिवशी पावसात सांगत होत्या ना पोरींचं. तवापासून मला... आता कसं सांगू –"

"सांगूच नका." तिचा आवाज चिरकला. "मी तुमाला नाटक पुरे म्हणले. मोडक्या पायाच्या माणसाला काठी देऊन टेकडीवर नेलं, आणि तुमी मला नेऊ दिलं. सकाळपासून तुमची चिठ्ठी मला माहीत होती. एका लेकराला एकच चिठ्ठी. तुमाला दोन कुठून आल्या, एवढं पण माझ्या डोक्यात आलं न्हाई. बूट काढून बघायला मला किती वेळ लागला असता? एक मिनिट."

"चूक माझी हाय ना पण."

"तुमची तर हायेच. उद्या माझ्या नऊ पोरींतली एखादी अशीच गप्प बसली म्हणजे? ताईचं कौतुक व्हावं म्हणून? पोरी गप्पच बसतात, धम्मानंद. त्यांना घरी तेवढंच शिकवलेलं असतं. मी ते ओळखायला पाहिजे होतं. तेवढंच तर शिकायला आले होते मी इथं."

तिने फोन खिशात टाकला. ओढणी काढून ओली केली, पिळली, त्याच्या घोट्याभोवती गच्च गुंडाळली – तो कळवळला तरी हात सैल न करता – आणि तशीच निर्मलाबाईंच्या खोलीकडे चालू लागली.

"पल्लवी, जाऊ नका. सही झालीये."

ती वळली नाही.

निर्मलाबाईंनी सगळं ऐकलं. चष्मा काढला, पुसला, लावला. मग लाल पेनाने स्वतःची सही खोडली.

"बाई, दिवाळीला मला नुसतं मदतनीस म्हणून..."

"तुझ्या गावच्या बाया मदतनिसाबराबर पोरी पाठवतील?"

"न्हाई."

"मग एप्रिलात ये. वाईट वाटून राहिलंय मला बी. पण खोडलेलं खोडलेलं." त्यांनी दुसरा कागद पुढे ओढला. धम्मानंदचा. त्यावरही आडवी रेघ मारली. "दुखणं लपवणाऱ्याच्या हाती मी लेकरं देत न्हाई. सांग त्याला. आणि तो पाय आधी डॉक्टरला दाखवा म्हणावं."

नऊ घरं

आठवड्याने धम्मानंद तिच्या गावात उतरला. पायाला प्लास्टर, काखेत कुबडी. पल्लवी अभ्यासिकेचं दार लावत होती.

"काहून आलात?"

"निघताना घरोघर जाऊन खरं सांगायचं म्हणल्या होत्या ना तुमी. त्यात अर्धी चूक माझी हाय. अर्धी मी सांगतो."

"मला गरज न्हाई."

"मला हाय."

आठ घरं तिने आधीच उरकली होती. टोमणे ऐकून घेतले होते. राहिलं होतं ते सृष्टीचंच. दोघं गेले. ती पुढे, तो कुबडीवर मागे. चार पावलांनंतर ती चिडून थांबली आणि त्याच्या बरोबरीने चालू लागली.

सृष्टीची आई, द्वारकाबाई, ओट्यावर उडीद निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, मधेच कुबडीकडे बघत.

"म्हणजे पास झाली होतीस तू."

"व्हय काकू."

"कुणाला कळलं नसतं."

"न्हाई."

"मग गप काहून ऱ्हायली न्हाईस? पोरगी महिनाभर पिशवी भरून ठिवून बसलीया. इतकं खरं बोलून कुणाचं भलं झालं गं?"

धम्मानंद पुढे सरकला, "काकू, पाय माझा –"

"तुमी थांबा. तुमचं न्हाई विचारलं."

दारात सृष्टी उभी होती. कधीची, कुणास ठाऊक.

"मी बी सांगितलं नसतं," ती म्हणाली. "माझा पाय असता तर. चालत ऱ्हायले असते ताईच्या मागं."

द्वारकाबाईंचा हात उडदावर थांबला. त्यांनी लेकीकडे बघितलं. जसं काही ह्या पोरीने आजवर काय काय सांगितलं नसेल, ते सगळं त्या एका दमात मोजत होत्या.

"एप्रिलात म्हणतीस?" अखेर त्या पल्लवीला म्हणाल्या. आवाज अजून कडकच.

"एप्रिलात माझी परीक्षा. शिबिर मे महिन्यात."

"सोयऱ्यांना मेपर्यंत थांबवते. हिच्या बापाकडं मी बघते. पण पास होऊन ये बाई. आणि तवा बी खरंच बोल."

राग, शेवटचा

विहाराच्या पायरीवर दोघं बसले. आभाळ भरून आलं होतं, पण पडत नव्हतं.

"एप्रिलच्या बॅचला मी पण नाव दिलंय," धम्मानंद म्हणाला.

"मला काहून सांगून राहिलास?"

तो हळूच हसला. "तू म्हणल्या तुमी."

"रागात म्हणले."

"मग राग राहू द्या."

तिने त्याच्याकडे बघितलं. हा माणूस. चुकीच्या फाट्यावर उतरवणारा, मोडक्या पायाने टेकडी चढणारा, न बोलावता कुबडीवर येणारा.

"दुखतंय?" तिने विचारलं.

त्याचं तोंड 'न्हाई' म्हणायला उघडलं. तिने भुवई वर केली. तोंड मिटलं.

"व्हय," तो म्हणाला. "लई. बसमध्ये उभं ऱ्हावं लागलं. आणि... हापशावर जे सांगायचं होतं ना, ते पण राहिलंय. तुमी... तू... मला –"

"थांब. आधी मी." ती समोर बघत बोलत होती, भांडताना बोलावं तशी, एकेक शब्द आपटत. "तू मला आवडतोस. पहिल्या दिवसापासून आवडतोस आणि त्याचा मला लई राग येऊन राहिलाय. ह्यापुढं माझ्यासाठी परत कधी गप राहिलास, तर दुसरा पाय मी मोडीन. कळलं?"

धम्मानंदने मान हलवली. कितीतरी वेळ नुसतीच हलवत राहिला.

"बोल की काहीतरी."

"हा... राग किती दिवस ऱ्हाईल साधारण?"

"बघू," पल्लवी म्हणाली, आणि त्याची कुबडी पायरीवरून घसरत होती ती धरून स्वतःच्या मांडीवर आडवी ठेवली. "मेपर्यंत तरी जात न्हाई."