दारावरची पोर

बुरुंडीत युद्ध थांबल्यावर आम्ही रेडिओवर एक मालिका करत होतो. छावण्यांतून परतलेल्यांना गावाने सामावून घ्यावं, शेजाऱ्यांनी पुन्हा एकमेकांकडे जेवावं, असा तिचा विषय. मी त्यात कजाग सासू. बाजारात बायका मला नुसत्या आवाजावरून ओळखायच्या आणि मुद्दाम किडके टोमॅटो द्यायच्या.

लोकांना मालिका कशी वाटते ते विचारायला मी आणि आमचा ध्वनिमुद्रक सिल्व्हेर एका डोंगरावरच्या वस्तीत गेलो. केळींच्या सावलीत बायका शेंगा सोलत होत्या. पेर्पेतू नावाच्या म्हातारीने मला नीट न्याहाळलं.

"सासू ती तूच ना? मग त्या पोरीला दार का उघडत नाहीस?"

"कुठल्या पोरीला?"

"ऐका हिचं. अगं, दर वेळी दार वाजवते ती. 'आई, मी आलेय,' म्हणते. आणि तू खुशाल सुनेला बोलत बसतेस."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. आमच्या मालिकेत लहान मुलगी नव्हतीच.

"दुसरं स्टेशन मध्ये घुसत असेल," सिल्व्हेर म्हणाला. मलाही ते पटलं.

तेवढ्यात त्यांच्या रेडिओवर मालिका लागली. माझाच आवाज, सुनेला मारलेले माझेच टोमणे. आणि त्यांच्या मागे, लाकडावर बोटाच्या पेराने करावी तशी टकटक.

"आई, मी आलेय."

सिल्व्हेरने माझ्याकडे पाहिलं. हा भाग त्यानेच ध्वनिमुद्रित केला होता.

निघताना पेर्पेतू माझ्याजवळ आली. "कत्तली झाल्या त्या साली आमच्याही दारावर वाजलं होतं," ती हळूच म्हणाली. "आम्ही दिवा विझवला."

स्टुडिओत मूळ टेप पुन्हा लावून पाहिली. तिच्यात टकटक नव्हती.

पुढच्या ध्वनिमुद्रणात सुनेशी भांडता भांडता मी थांबले आणि संहितेत नसलेलं वाक्य बोलले. "दार उघडंच आहे, पोरी. ये आत."

सिल्व्हेरने टेप थांबवली नाही. ते वाक्य कुणी कापलंही नाही.

तो भाग लागून गेल्यावर मी पुन्हा डोंगरावर गेले. पेर्पेतूने केळ्याची दारू पुढे केली.

"बरं केलंस. आता पोर दार वाजवत नाही."

मला हलकं वाटलं. ती शेंगा सोलत राहिली.

"पण तिच्या मागून आत आला, तो माणूस कोण गं?"

"कुठला माणूस?"

"बोलत काही नाही तो. फक्त त्याची जड पावलं वाजतात, आणि मग आतून कडी लावल्याचं ऐकू येतं."