नसलेल्या हाताची बोटं

मळमड्डीच्या वळणावर बसनं आमच्या शेअर रिक्षेत चिखल उडवला. शेजारच्या अनोळखी तरुणाचा डावा गाल पार माखला. त्याच्या उजव्या हातात जड पिशवी होती, डावी बाही रिकामी. मला राहवलं नाही... ओढणीच्या टोकानं मी गाल पुसला आणि तो दचकलाच.

“तुम्ही... माझा अंगठा धरलात.”

“मी? गाल पुसला फक्त!”

“अय्यो, खरंच सांगतो. हा अंगठा.” त्यानं रिकामी बाही हलवली.

मी फिजिओथेरपिस्ट. मेंदूत अंगाचा नकाशा असतो, त्यात हाताची जागा चेहऱ्याला लागूनच. हात गेला, की चेहऱ्याचा स्पर्श त्या रिकाम्या जागेत शिरतो – मी त्याला समजावलं.

“म्हणजे शेजाऱ्यानं घर बळकावलं म्हणा की!” तो हसला. श्रीहर्ष त्याचं नाव. कमरीपेठेतल्या कारखान्यात लेथ मशीनवर काम करताना हात गेला होता.

मग केलगेरीच्या तळ्याकाठी आम्ही भेटू लागलो. मी त्याच्या गालावर हलकेच बोट टेकवायची.

“करंगळी?”

“चूक. तर्जनी... पण काढू नका ना, दीपश्री.”

चारचौघं हातात हात घेऊन बसतात. आम्ही असे बसायचो.

थंडी पडली आणि त्या नसलेल्या हाताची मूठ आवळली गेली. नसलेली नखं नसलेल्या तळव्यात रुतायची. मी गालाला हात लावला की नुसती आग व्हायची. त्यानं ते माझ्यापासून लपवलं. एकदा कळ सोसताना त्याचा ओठ दाताखाली फुटला, तेव्हा मला कळलं. आरशात उजवा हातच डावा भासवून मूठ उघडायचे व्यायाम झाले, औषधं झाली... मूठ उघडेना. मी गालाला हात लावणं सोडून दिलं.

“उजवा हात आहे ना तुमचा,” मी म्हणाले, “तो धरते मी. जन्मभर.”

तो पाण्याकडे बघत म्हणाला,

“जीव आहे माझा तुमच्यावर. पण तुम्ही जवळ आलात की आधी भीती वाटते मला... दुखेल म्हणून. असा संसार नको तुम्हाला.”

तो भावाकडे म्हैसूरला निघाला. हुबळी स्टेशनवर, डब्याच्या दाराशी, म्हणाला, “एकदा...”

“दुखेल.”

“दुखू दे.”

मी तळवा त्याच्या गालावर ठेवला. त्याचा जबडा आवळला, कपाळावर घाम फुटला. डोळे मिटलेले.

“पाचही बोटं...” तो कुजबुजला. “सोडू नका.”

गाडी अजून उभी होती. पण मला ते बघवेना.

मी हात सोडला.