बोनेटच्या आतल्या रेघा

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत फुलसिंग राठोडचं शेड विचारलं, की कोपऱ्यावरचा पानठेलेवालाही बसल्या जागेवरून हात दाखवायचा. पेट्रोलवर चालणारी जुनी गाडी असली आणि नव्या पोरांनी तिच्यापुढे हात टेकले असले, की ती शेवटी फुलसिंगकडेच यायची. "गाडीले तीनच गोष्टी लागतात," तो म्हणायचा, "पेट्रोल, हवा अन् वेळेवर ठिणगी. बाकी समदं मानसाच्या डोक्यात असते." करणी, नजर, भुताखेताचं कुणी काढलं, की हा पठ्ठ्या सरळ ग्राइंडर चालू करायचा. बोल म्हणावं आता.

आणि नेमकी अशाच माणसाच्या दारात, दिवाळीला आठ दिवस असताना, ती काळी गाडी ट्रकमधून उतरली.

गाडी दिग्रसच्या कापसाच्या जिनिंगवाल्या बापूजींची. त्यांच्या वडिलांनी हौसेनं घेतलेली आणि फुलसिंगच्या बापानं, हरिसिंगनं, बावीस वर्षं चालवलेली, लेकरासारखी राखलेली. एकतीस वर्षांपूर्वी बापूजींनी भर जिनिंगमध्ये, हमालांसमोर, हरिसिंगवर पेट्रोलचोरीचा आळ घेतला. हरिसिंगनं चावी टेबलावर ठेवली, तांड्यावर परत आला आणि पंधरा दिवसांत गेला. तेव्हापासून गाडी चालू झाली नाही ती नाहीच. नागपूरचे मेकॅनिक येऊन गेले. फुलसिंगही एकदा जाऊन तोंड पाडून परत आला होता. बापूजी मात्र गावभर सांगत सुटले, हरिसिंग चोर तर होताच, वर जाताना गाडीवर मंतर टाकून गेला.

हे बोलणं फुलसिंगच्या काळजात रुतून बसलं होतं. यंदा त्यानंच फोन केला. "एकडाव गाडी माह्या शेडात पाठवा. चालू झाली तं माह्या बापाचं नाव त्याच जिनिंगात, मानसायसमोर, तुमी सोता धुऊन काढायचं. नाही झाली तं खुशाल भंगारात द्या. मी पुन्हा तोंड उघडनार नाही."

"मंजूर," बापूजी म्हणाले, आणि गाडीमागोमाग स्वतःच येऊन थडकले. पंचाहत्तरीचा माणूस, हातात काठी. शेडातल्या एकुलत्या एक खुर्चीवर ठाण मांडून बसले.

फुलसिंगनं बोनेट उघडलं. आधी त्याला दिसल्या त्या रेघा. बोनेटच्या आतल्या बाजूला, डाव्या कोपऱ्यात, एकाखाली एक ओढलेल्या, बोटाच्या रुंदीच्या. बाची सवयच होती ती. तेल घातलं, की बोट तिथं पुसायचं. खांद्यावर फडकं असलं तरी तिथंच.  फुलसिंगनं सगळं इंजिन पुसून काढलं, पण त्या रेघांना हात लावला नाही.

मग त्यानं डिस्ट्रिब्युटर उपसून टेबलावर घेतला. कोणत्या सिलिंडरला कोणत्या क्षणी ठिणगी द्यायची, हे ठरवणारा हा मुठीएवढा डबा. वरचं झाकण काढलं, आतला फिरता रोटर काढला, की खाली नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, बारीकशी वात असते. तिला वर्षातून तीन थेंब पातळ तेल पुरतं. "तीनच," बा म्हणायचा. "चौथा लाडाचा. अन् लाडानं पोरगंही बिघडते अन् गाडीही."

वात ओलसर होती.

फुलसिंगनं बोट लावून पाहिलं. चिकट लागलं. "बापूजी, याच्यात कोनी तेल टाकते काय?"

"कोन टाकीन? ते उघडाले तरी कोनाले येते? गॅरेजले कुलूप हाय अन् चावी माह्या कडदोऱ्याले."

आजवर सगळ्यांनी ठिणगीचे वरचे पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला आणि हात झटकले. पॉइंटच्या पाटीखाली कुणी गेलंच नव्हतं. वीस वर्षांपूर्वी फुलसिंगही नाही. आज त्यानं पाटी काढली. खाली दोन छोटी वजनं असतात, वेग वाढला की फाकणारी. ती फाकलेलीच, पिवळ्या टणक थरात अडकून पडली होती. त्यामुळे ठिणगी वेळेआधीच पडायची आणि इंजिन उलटा झटका मारायचं.

"अरे तुह्या मायला!" फुलसिंग ओरडलाच. "मंतर कायचा बापूजी, वाळेल तेल हाय हे! गोंद झाला याचा, गोंद!"

बापूजी काठी टेकत उठले, वाकून पाहून परत बसले. फुलसिंग शीळ घालत थर खरवडू लागला. एकतीस वर्षांचं ओझं पात्याखाली सालपटासारखं निघत होतं. मग वास आला. मशीनच्या तेलाचा नव्हता. जवसाचा होता.

त्याची शीळ थांबली.

जवसाचं तेल वाळून घट्ट होतं; गाडीत ते शहाणा माणूस घालत नाही. बा तर कधीच नाही. पण बा गेल्यापासून दर दिवाळीला, पितरांच्या धबुकाराच्या वेळी, म्हणजे निखाऱ्यांवर त्यांचा नैवेद्य टाकतात तेव्हा, फुलसिंगची बायको बसंतीबाई निखाऱ्यांजवळ एक वाटी ठेवायची. सासऱ्याचे हात जन्मभर तेलात होते, त्याला तेलच पाहिजे, असं तिचं म्हणणं. घरात असायचं तेच तेल. जवसाचं. सकाळी वाटी जराशी उणी दिसायची. मांजर असेल, असं फुलसिंग म्हणायचा.

त्यानं वळून बोनेटकडे पाहिलं. मशीनच्या तेलाची रेघ काळी पडते, आणि तशा जुन्या रेघा बा दर दसऱ्याला स्वतःच धुऊन काढायचा. या सगळ्या पिवळ्या होत्या. त्यानं त्या मोजल्या.

"काय मोजून राह्यला?" बापूजींनी विचारलं.

"काही नाही." एकतीस होत्या. ग्राइंडर चालू करावा असं त्याला फार वाटलं, पण हात उचलेना.

दुपारपर्यंत वजनं सुटी झाली. वातीला तीन थेंब, पॉइंट लावून नीट अंतर ठेवलं, डबा परत इंजिनात बसवला, नवी बॅटरी जोडली. टाकीत पेट्रोल ओतलं, तर थोड्या वेळानं फरशीवर डाग. टाकीची शिवण झिरपत होती, आणि तिच्याखालच्या पत्र्यावर बाच्या काळापासूनचे जुने ओघळ होते. "हा पाहा तुमचा पेट्रोलचोर," फुलसिंग म्हणाला. बापूजींनी वाकून त्या डागाला बोट लावलं आणि बोटाचा वास घेतला.

आता ठिणगीची वेळ जुळवायची राहिली होती. त्यानं बापूजींनाच स्टेअरिंगवर बसवलं. उघड्या बोनेटमुळे पुढचं काही दिसत नाही, म्हणून बाचाच कायदा सांगितला. "मडगार्डवर दोन थापा, तं सेल्फ मारा. एक थाप, तं थांबा."

त्यानं वाकून दोन्ही हातांनी डबा धरला.

थप. थप.

सेल्फ फिरला. इंजिन गुरगुरलं, खोकलं.

थप.

बापूजी थांबले.

"थापा कोनं मारल्या?" फुलसिंगनं मान वर करून विचारलं.

"तूच तं मारल्या! मी काय बहिरा हाव?"

शेडात तिसरं कुणी नव्हतं. फुलसिंगचे दोन्ही हात डब्यावर होते.

त्यानं डबा केसभर डावीकडे फिरवला. थाप नाही. आणखी केसभर. नाही.  त्याचे हात इतके स्थिर कधीच नव्हते. आणखी अर्धा केस.

थप. थप.

गाडी चालू झाली!

अशी गरजली, की पत्रे थरथरले आणि पानठेलेवाला पळत आला. फुलसिंग हसत होता, रडत होता, "बा! बा!" म्हणून ओरडत होता. बापूजी लहान पोरासारखे भोंगा वाजवत सुटले होते.

दोन दिवसांनी, टाकी सांधून, फुलसिंगनं ती गाडी स्वतः दिग्रसच्या जिनिंगात नेऊन उभी केली. कापसाच्या गंजीसमोर बापूजी काठी टाकून, हात जोडून उभे राहिले. "हरिसिंगनं पेट्रोलचा थेंब चोरला नाही. मंतरही टाकला नाही. चूक माही होती," ते सगळ्यांसमोर म्हणाले. एक म्हातारा हमाल डोळे पुसत पुढे आला आणि त्यानं फुलसिंगच्या गळ्यात हार घातला. फुलसिंगनं तो काढून गाडीला घातला.

दिवाळी आली. बसंतीबाई नेहमीसारखी जवसाचं तेल ओतायला गेली, तर फुलसिंगनं तिचा हात धरला आणि शेडातल्या कुपीतलं पातळ तेल वाटीत ओतलं.

"मेलेल्या मानसाले मशीनचं तेल? काहून?"

"त्याले हेच लागत होतं," फुलसिंग म्हणाला. "आपूनच चुकलो."

दुसऱ्या दिवशी बापूजींनी त्याला फराळाला बोलावलं. कडदोऱ्याची चावी काढून त्यांनी त्याच्यासमोर गॅरेजचं कुलूप उघडलं. फुलसिंगनं बोनेट वर केलं.

एकतिसाव्या पिवळ्या रेघेखाली बत्तिसावी होती. काळी, पातळ आणि अजून ओली.