पोलादी चोचीचं कबुतर

हे कुणालाच पटत नाही. तुम्हालाही पटणार नाही, आणि पटावं म्हणून मी एक शब्दही कमी करणार नाही. आत्ता ज्या स्टुडिओत तुम्ही खुर्च्या अडवून बसला आहात ना, तो एका माणसाने हात खाली केले नाहीत म्हणून उभा आहे.

त्याचं असं झालं. आपली खुडबुड... खरं नाव काही का असेना, लहानपणी घरातलं घड्याळ, इस्त्री, मावशीचं कानातलं यंत्र सगळं उघडून बसायची म्हणून खुडबुड. तर ही खुडबुड एका सकाळी जिना धडधडत उतरत होती. काखेत लॅपटॉप, दातात पेन्सिल, पायात दोन वेगळ्या जोडांच्या चपला. आणि जिन्याच्या वळणावर एक तरुण उभा. दोन्ही हात ऐसपैस पसरून! चेहऱ्यावर असं हसू, की जणू तिचीच वाट बघतोय.

"अहो, ओळख ना पाळख... हात काय पसरलेत? बाजूला व्हा!"

"नाही होता येणार."

"का?"

"हात खाली केले तर तुमची खिडकी जाईल."

वेडा दिसतोय, असं म्हणत ती तरातरा पुढे गेली, आणि तिचं नाक कशाला तरी गारगार टेकलं.

काच! दाराएवढी काच, आणि तिला दिसलीच नव्हती. ह्या काचवाल्याने पुसलेली काच अशीच असायची. ऊनसुद्धा तिच्याशी येऊन थबकायचं आणि आत येऊ का म्हणून विचारायचं.

"लागलं का?" त्याने घाबरून विचारलं.

"नाही हो, काही नाही..."

"मी काचेला विचारतोय."

तिने डोळे वटारले. वटारले खरे, पण काचेच्या पलीकडून तो इतक्या जवळून बघत होता, की ते जास्त वेळ वटारलेले राहिले नाहीत.

"नाकाचा ठसा उठला बघा," तो म्हणाला. "आता ही काच दुकानात परत जायची नाही. वापरलेला माल!"

ती हसली. दातातली पेन्सिल जिन्यावरून टपटप करत थेट रस्त्यापर्यंत गेली.

काच तिच्याच खोलीची होती. तिसऱ्या मजल्यावरची ही खोली तिने नुकतीच घेतली होती. खिडकीला काचेऐवजी पुठ्ठा लावलेला. एक टेबल, मावशीकडून आणलेली डुगडुगती खुर्ची, आणि एक संगणक. त्याचा पंखा असा घरघरायचा, की खालच्या शिंप्याला वाटे वर कुणी दळण टाकलंय. दारावर तिने स्वतःच्या हाताने 'स्टुडिओ' असं रंगवलं होतं. शेवटच्या अक्षराला जागा पुरली नाही म्हणून ते भिंतीवर गेलं होतं.

त्याआधी दूरच्या शहरातल्या एका मोठ्या कंपनीत ती गेम बनवायची. म्हणजे दुसऱ्यांच्या गेममधली झाडं रंगवायची. पानं, पानं आणि पानं. एक दिवस उठली आणि म्हणाली, "साहेब, मला माझा स्वतःचा गेम करायचाय." साहेब मनाने वाईट नव्हते. म्हणाले, "कर बाई. गेमच्या प्रदर्शनात मांड. कुणी उचलला नाही, तर गपचूप परत ये. तुझी खुर्ची रिकामी ठेवतो."

रिकाम्या खुर्चीइतकं भीतिदायक काही नसतं. प्रदर्शन साधलं तर स्टुडिओ. नाही तर खोलीला कुलूप आणि पुन्हा पानं.

आणि गेम? एक तलवारबहाद्दर, एक राक्षस, एक डोंगर. मावशी रोज डबा घेऊन यायची, चष्मा सावरून खेळून बघायची. मावशी खेळली की राक्षस दमायचा, इतकी ती पळायची. एकदा तिने बटणं खाली ठेवली.

"खुडबुडे, हा तलवारवाला घरी का नाही जात गं? ह्याचं कुणी वाट बघणारं नाही?"

खुडबुडीने पडद्याकडे नीट बघितलं. खरंच, त्या तलवारवाल्यात जीवच नव्हता.

ती वैतागून खिडकीशी आली. समोर रस्त्यापलीकडे काचवाल्याचं दुकान. आणि तो भर गर्दीतून एक भलीमोठी काच घेऊन निघाला होता. रबरी वाट्या काचेला चिकटवलेल्या, कोपरं अंगाशी, टाच आधी, मग चवडा... सायकली, कुत्री, छत्र्या, भांडणारं एक जोडपं, सगळ्यांमधून तो असा चालला होता, जणू हातात काच नाही, कुणाचं तरी झोपलेलं बाळ आहे. सगळा रस्ता श्वास रोखून त्याला वाट देत होता.

तिने तलवारवाला पुसून टाकला. राक्षस पुसला. डोंगर मात्र ठेवला, घाट म्हणून. तिचा गेम आता एवढाच: एका माणसाने एक काच घरी पोचवायची. न फोडता.

झालं, पण चाल जमेना. पडद्यावरचा काचवाला बदकासारखा चाले. शेवटी तिने खऱ्यालाच वर बोलावलं.

"जरा... चालून दाखवाल?"

"म्हणजे?"

"ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. कामासाठी विचारतेय हं!"

"लोक मुलगी बघायला गेले की तिला चालायला लावतात असं ऐकलं होतं," तो म्हणाला. "इथे उलटंच दिसतंय."

"चाला म्हटलं ना!"

तो चालला. ती रेखाटत बसली. "पुन्हा," ती म्हणे. "आता वळा. आता थांबा. आता उजवा खांदा जरा..."

"नापास झालो तर?"

"तर उद्या पुन्हा यायचं."

दुसऱ्या दिवशी तो आला तो भिंतीला धडकतच. नापास व्हायला.

पण चाल काही जन्मभर रेखाटता येत नाही. ती जमली. पडद्यावरचा माणूस हुबेहूब चालू लागला. मग त्याला वर बोलवायचं कारणच उरलं नाही. तो खालून जायचा, ती वरून बघायची. बघता बघता तिने आणखी एक गोष्ट टिपली. दिव्याच्या खांबाशी आला की तो काच टेकवायचा, मान पुसायचा आणि वर बघायचा. नेहमीच. सवय असेल कामाची, खिडक्या तपासत असेल... असं म्हणून तिने तेही गेममध्ये घातलं. खेळणाऱ्याने बटणं सोडली, की काचवाला खांबाशी काच टेकवणार, मान पुसणार आणि तिसऱ्या मजल्याच्या खिडकीकडे बघणार.

आणि मग आलं ते कबुतर.

साधंसुधं नव्हे! कोंबड्याएवढं, छाती पहिलवानाची, चोच पोलादी. आलं आणि धाडकन खिडकीवर आदळलं. काच फुटली. काचवाला धावत आला.

"कबुतर?" त्याने विचारलं.

"कबुतर," ती म्हणाली.

"मोठं होतं?"

"भलतंच."

त्याने रिकाम्या चौकटीतून वाकून खाली बघितलं. शिंप्याच्या दुकानावरच्या पत्र्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"काय बघताय?"

"कबुतराला लागलं का ते."

वळला तेव्हा ओठ घट्ट मिटलेले होते, पण गाल ऐकत नव्हते. त्याने नवी काच बसवली, कडेने पुट्टी फिरवली. बाहेर भुरभुर पाऊस लागला होता. नव्या काचेवरून थेंब ओघळत होते आणि दोघंही ते थेंबच बघत असल्यासारखे उभे होते.

पुढच्या आठवड्यात कबुतर पुन्हा आलं. मग पुन्हा. असं चिवट पाखरू मी जन्मात पाहिलं नाही!

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी, नव्या काचेला धरणारी लाकडी पट्टी ठोकता ठोकता, त्याने पाठमोऱ्यानेच विचारलं, "उद्या नाही जमलं तर... खोली सोडणार?"

"सोडावी लागेल."

"हं." हातोडी थांबली. "मग ही पट्टी जरा पक्की ठोकतो."

"का?"

"नंतर येणाऱ्याच्या घरी कबुतरं येतील न येतील..."

तिला उत्तर द्यायचं होतं. तिने ते पेन्सिलीबरोबर चावून टाकलं.

प्रदर्शनाचा हॉल म्हणजे नुसता गदारोळ. इकडे तोफा, तिकडे विमानं, मधे आग ओकणारे पडदे. खुडबुडीचं टेबल कोपऱ्यात, हात धुवायच्या बेसिनशेजारी. लोक यायचे, ओले हात झटकायचे आणि पुढे जायचे. दुपार झाली. एकही जण थांबला नाही. साहेब फिरत फिरत आले, मान कलती करून बघून म्हणाले, "छान आहे गं. शांत आहे. खुर्ची तशीच ठेवलीय हं."

तिचे डोळे भरून आले. तेवढ्यात सोबतीला येऊन खेळत बसलेल्या मावशीचं कानातलं यंत्र शिट्टी मारायला लागलं. मावशीने दोन्ही हात कानाशी नेले. बटणं सुटली.

पडद्यावरच्या काचवाल्याने काच खांबाला टेकवली. मान पुसली. आणि वर बघितलं.

आता खरं सांगतो. हात झटकत जाणारा एक माणूस थबकला आणि त्यानेही वर बघितलं. त्याला बघून त्याच्या बायकोने. मग तिसऱ्याने. तोफा थंडावल्या, विमानं उतरली. अर्धा हॉल माना वर करून छताकडे बघत उभा राहिला! छताला काही नव्हतं, म्हणून सगळे चौकशी करत टेबलाशी आले. त्यात पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या. नव्या लोकांचे गेम पारखून बाजारात आणायचा त्यांचा धंदा. त्यांनी बटणं घेतली, थोडं चालून बघितलं आणि मुद्दाम सोडून दिली.

"हा वर का बघतो?"

"कामाची सवय," खुडबुड घाईघाईने म्हणाली. "खिडक्या तपासतो... चौकट, पुट्टी, असं..."

"कसली डोंबलाची सवय!" मावशी यंत्र कानात खोचत म्हणाली. "रस्त्यावर एवढ्या खिडक्या आहेत. हा एकीकडेच बघतो. तूच काढलंयस ना हे सगळं? मग तुला दिसत कसं नाही?"

खुडबुड पडद्याकडे बघत राहिली. मान किती कलते, डोळे किती बारीक होतात, हनुवटी कुठे थांबते... सगळं तिनेच टिपलेलं. आणि आज पहिल्यांदाच तिला ते दिसलं.

"त्यालाच विचारा की," मावशी म्हणाली. "तो काय मागे उभा आहे."

तो होता. कामाच्याच कपड्यांत, बोटांना पुट्टी. आणि कान... कान असे लाल, की शेजारच्या आग ओकणाऱ्या पडद्याला लाज वाटावी.

"वर का बघता?" तिने विचारलं.

"काच स्वच्छ आहे का ते..."

"रोज?"

"स्वच्छ आहे की नाही, ते काचेकडे बघून कळत नाही," तो म्हणाला. "पलीकडचं नीट दिसतंय का, त्यावरून कळतं."

"मग... नीट दिसतं?"

"पेन्सिल चावताना दिसते. कुणाशी तरी भांडल्यासारखी एकटीच बोलताना दिसते. त्या दिवशी तलवारवाला पुसलात ना, तेव्हा हसलात, तेही दिसलं." तो थांबला. "काच मी चांगली पुसतो."

पांढऱ्या केसांच्या बाई चष्म्यावरून दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या.

"ह्या एका बघण्यासाठी मी हा गेम घेईन," त्या म्हणाल्या. "पण मुली, तो काच घेऊन पोचतो तेव्हा ती खिडकी उघडते का?"

"अजून... नाही."

"का बरं?"

खुडबुडीने लॅपटॉप ओढला. त्या गदारोळात, बेसिनशेजारी, तिथल्या तिथे बसून तिने खिडकी उघडायला लावली. तो मागे उभा राहून बघत होता. पडद्यावर खिडकीची दारं उघडली, एक मुलगी वाकली, दातात पेन्सिल.

"ती काहीतरी म्हणतेय," तो हळूच म्हणाला. "काय म्हणतेय?"

तिने मान वळवली. आज मधे काच नव्हती.

"म्हणतेय... वर ये."

साहेबांनी ती खुर्ची पुढे दुसऱ्या कुणाला दिली. आणि ह्यांच्या लग्नाला मंडपात पहिल्या रांगेत कोण बसलं होतं सांगू? ते कबुतर! चोचीला पट्टी बांधून, सहकुटुंब...

"खोटं!"

मागच्या स्टुलावरून आवाज आला. बोटांना पुट्टी लागलेला तो हातातला कप खाली ठेवत होता.

"काका, बाकी सगळं चालवून घेतलं. पण कबुतर लग्नाला नव्हतं. कबुतर कधी नव्हतंच. पाखरू बाहेरून आदळलं तर काचा खोलीत पडतात. मी दर वेळी त्या खालच्या पत्र्यावरून वेचल्यात."

सगळ्यांच्या माना खुडबुडीकडे वळल्या. पेन्सिल दातातून निसटली आणि घरंगळत टेबलाखाली गेली. आता तिचे कान लाल झाले होते.

"तुला... तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं? मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो," तो म्हणाला, "तर कबुतर यायचं थांबलं असतं."