पाकिटावरचं जास्तीचं नाव

मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा एम्ब्रॉयडरीचा गाळा आहे. आमचा म्हणजे नितेशचा, आधी त्याच्या वडिलांचा. मी तिथे तीस वर्षं नोकरी करते, त्यामुळे 'आमचा' म्हणायची सवय झालीय. शाळांचे बिल्ले, साड्यांचे काठ, कुर्त्यांचे गळे असलं काम. एका वेळी वीस नग शिवणारं, वीस हेडचं जुनं जपानी मशीन अजून रोज चालतं आणि त्याला पेनड्राइव्ह चालत नाही, फ्लॉपीच द्यावी लागते. बाहेर कुणाला सांगितलं तर हसतात. आमच्याकडे दोनशे बारा फ्लॉप्या आहेत आणि एकेकीत आठ-दहा डिझाइनं.

या जूनमध्ये नितेशने कपाट उघडलं तर निम्म्या पाकिटांना कसर लागलेली. "कुंदाताई, नवीन पाकिटं छापून टाका ना सगळी," तो म्हणाला. "मशीन अजून दोन वर्षं तरी खेचायचंय."

पाकिटं छापायचा प्रोग्राम माझ्या धाकट्या भावाने लिहिलेला. यज्ञेश आमच्याच गाळ्यात कॉम्प्युटरवर डिझाइनं करायचा. प्रोग्राम साधा आहे. काळ्या स्क्रीनवर तो नंबर विचारतो, फ्लॉपी घातली की घरघर करत वाचतो आणि कागदावर त्या फ्लॉपीतल्या डिझाइनांची नावं छापतो. नावापुढे टाक्यांची संख्या, त्यापुढे डिझाइन साठवल्याची तारीख आणि वेळ. कडेने तुटक रेघा येतात. त्यावर घडी घालून डिंक लावला की पाकीट तयार. नावं इंग्रजी अक्षरांत आणि जास्तीत जास्त आठ अक्षरी. 'मोरपिसारा' त्याला कधीच पुरा बसवता आला नव्हता, त्यावरून मी त्याला चिडवायची.

दोन हजार तीनच्या ऑक्टोबरमध्ये एका मंगळवारी दुपारी यज्ञेश जेवायला म्हणून गाळ्यातून खाली उतरला आणि परत आला नाही. एकोणतीस वर्षांचा होता. भांडण नाही, कसलं व्यसन नाही, प्रेमप्रकरणही नाही. पोलीस झाले, हॉस्पिटलं झाली, देवगडला गावी जाऊन आलो. वाकोल्यात कुणी पाहिला म्हणून तिथे चार दिवस फिरलो, माहुलला एक अनोळखी प्रेत होतं ते जाऊन पाहिलं. तो नव्हता. एकवीस वर्षं झाली. बोरिवलीच्या घरात मी आणि आई. आई ब्याऐंशीची आहे आणि दाराला आतून कडी लावू देत नाही.

छपाई मी कामातून वेळ काढून सुरू केली. पहिली चाळीस पाकिटं बरोबर निघाली. सोमवारी एक्केचाळीस नंबरच्या पाकिटावर दहा नावं आली. जुन्या पाकिटावर नऊ होती. दहावं नाव होतं 'ताई'. टाके शून्य. तारीख त्याच सोमवारची, वेळ एक वाजून दहा मिनिटं.

घड्याळात दीड वाजला होता. मी फ्लॉपी उलटून पाहिली. तिची खिटी सरकवून ठेवलेली होती, म्हणजे तिच्यावर नवीन काही साठवताच आलं नसतं. मशीनला लावून पाहिली तर नऊच डिझाइनं. पुन्हा छापलं तेव्हाही नऊच. जुन्या प्रोग्रामला जुनं काहीतरी आठवलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. कधीतरी त्याने माझ्यासाठी 'ताई' नावाचं डिझाइन केलं असेल आणि नंतर पुसलं असेल. कागद मात्र टाकून दिला नाही. घडी घालून पर्समध्ये ठेवला.

मंगळवारी अठ्ठावन्न नंबरवर जास्तीचं नाव आलं, 'भूक'. वेळ तीच, एक दहा. त्या दिवशी मी डबा तसाच घरी नेला.

बुधवारी त्रेसष्ट नंबरवर 'आई' आलं. मी नितेशला बोलावलं. त्याने तिन्ही कागद उजेडात धरून पाहिले. शाळेत असताना तो यज्ञेशच्या मांडीवर बसून कॉम्प्युटरवर गेम खेळायचा. त्याने स्वतःच्या हाताने तीच फ्लॉपी तीनदा छापली. तिन्ही वेळा बरोबर आली.

"प्रिंटर म्हातारा झालाय," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "राहू द्या ताई. उरलेली मी दुसऱ्या कुणाकडून करून घेतो."

"नको," मी म्हटलं. "मीच करते."

मला भीती वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर गुरुवारी मी अर्धा तास लवकर पोचले. संध्याकाळपर्यंत सहा पाकिटं छापली आणि सहाही बरोबर निघाली. घरी जाताना रिक्षात मला रडू आलं.

शुक्रवारी पावणेतीनला सत्तर नंबर घातला. प्रिंटर नेहमीसारखा करकरत गेला आणि शेवटच्या ओळीवर थोडा अडला. नाव होतं 'घरी'. तारीख आजची. वेळ चार चाळीस.

म्हणजे अजून दोन तासांनंतरची.

मी आईला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. पर्स घेतली आणि खाली उतरले. हायवेवर गोरेगावला कुठलीशी पाइपलाइन फुटली होती, रिक्षा पाऊण तास जागची हलली नाही. मी फोन लावत राहिले. बिल्डिंगच्या गेटपाशी उतरले तेव्हा पाचला पाच कमी होते.

दार नेहमीप्रमाणे नुसतं लोटलेलं. आई मोरीपाशी उभी राहून ताट घासत होती.

"फोन का नाही उचललास?"

"हात खरकटे होते," ती म्हणाली. आई अजून देवगडचंच बोलते. "यज्ञेश इललो. जेवलो आणि गेलो."

मी खुर्चीवर बसले. डॉक्टरांनी वर्षापूर्वीच सांगितलं होतं, या वयात असे भास होतात, वाद घालू नका. मी वाद घातला नाही. ओट्यावरचा टोप उघडून पाहिला. रात्रीपुरता भात सकाळीच लावला होता, तो संपला होता. आमटीही नव्हती. आई दोन घासांवर तिसरा खात नाही.

"कसा दिसत होता?"

"तसोच. बारीक झालो हा." तिने ताट पुसून जागेवर लावलं. तिचा आवाज अगदी साधा होता, रोजचं काही सांगावं तसा. "माका म्हणालो, ताईच्या पाठसूनच बसान असतंय. किती येळ झालो, ती मागे वळान बघणाच नाय."

मग तिने पदराला हात पुसले आणि मला विचारलं, "कित्याक गो बघणस नाय?"

एक गोष्ट मी कुणालाही सांगितलेली नाही. पोलिसांना नाही, नितेशच्या वडिलांना नाही, आईला तर नाहीच. त्या मंगळवारी एक वाजून दहा मिनिटांनी यज्ञेश माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. "ताई, जरा बोलायचंय," म्हणाला. शाळेच्या बिल्ल्यांची ऑर्डर होती, मी टाके मोजत होते. मान न वळवता म्हटलं, "जेवून ये, मग बोल." तो थोडा वेळ तिथेच उभा होता. मला ते कळत होतं. मग जिन्यात पावलं वाजली.

त्या शुक्रवारी रात्री आईने पहिल्यांदा दाराला कडी लावली. मी विचारलं तर म्हणाली, "आता कोणाक येवचा हा?" आणि सकाळी सातपर्यंत गाढ झोपली. एकवीस वर्षांत मी तिला अशी झोपलेली पाहिली नव्हती.

शनिवारी मी गाळ्यात गेले. एकला मशीन बंद झालं, कारागीर जेवायला खाली उतरले. पंखाही बंद केला होता, कागद उडत होते म्हणून. मी कॉम्प्युटरसमोर बसले. एक्काहत्तर नंबरची फ्लॉपी हातात होती. ती घातली नाही.

माझ्या मागे, भिंतीलगत, यज्ञेशची खुर्ची आहे. रेग्झिनची, फोमच्या गादीची. कोपऱ्यात फाटली आहे म्हणून तिच्यावर कुणी बसत नाही.

एक आठ. एक नऊ.

काही ऐकू येत नव्हतं. फक्त मानेला कळत होतं, जसं तेव्हा कळलं होतं.

एक दहाला मी वळले.

खुर्चीवर कुणी नव्हतं. पण गादी मधोमध दबलेली होती आणि बसलेलं कुणी उठू लागावं तशी हळूहळू वर येत होती. फाटक्या कोपऱ्यातून हवा आत जाताना बारीक आवाज होत होता.

"बस रे," मी म्हटलं. "उठू नकोस. बोल."

गादी वर यायची थांबली. मग सावकाश परत खाली दबली.